हेड कोणतं टाकू?

आमचे मामा जिल्हा परिषदेच्या शाळेतून मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झाले. त्यांच्यापुढे कुणी कितीही चांगली कल्पना मांडली तरी त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : "हेड कोणतं टाकू?" पैसे आहेत की नाहीत, हा त्यांच्या लेखी नंतरचा प्रश्न. पैसे कुठून तरी उभे राहतात. पण ते कॅशबुकात कुठं बसवायचे हे ठरलं नाही, तर दोन वर्षांनी ऑडिट येतं आणि वसुली निघते.

श्रीरामपूरच्या अलीकडे पाटाकाठी आमचं गाव आहे. तिथल्या शाळेत एका तरुण मॅडमनी शाळा व्यवस्थापन समितीपुढे मुलांच्या रेडिओचा विषय काढला. आठवड्याला एक कार्यक्रम, लिहिणार मुलं, बोलणार मुलं, गावात फिरून मुलाखती घेणार मुलं. त्यासाठी एक रेकॉर्डर, दोन माइक आणि थोडा फिरता खर्च शाळेच्या अनुदानातून मिळावा, एवढंच मागणं. मामा समितीत नाहीत; पण निवृत्त मुख्याध्यापकाला विचारल्याशिवाय आमच्याकडे ठराव पुढे सरकत नाही. त्यांनी विचारायचं तेच विचारलं. बाकीच्यांनीही आपापलं म्हणून घेतलं. पावसाळ्यात चौथीचा वर्ग गळतो, तिथं रेडिओ कसला? प्रत्येकाच्या खिशात मोबाइल आहे, आता रेडिओ ऐकतंय कोण? पोरांना धड वाचता येत नाही, त्यांना बोलायला कशाला शिकवता, तेवढं तर त्यांना येतंच!

हा वाद आमच्या घराला नवा नाही. सरकारी पैशातून रेडिओ घ्यावा का आणि घेतला तर पोसायचा कुणी, यावर आमचे आबा १९५६ साली चावडीत भांडलेले आहेत.

आबा म्हणजे वडिलांचे वडील. "पाट आला त्याच सुमाराला हा झाला," असं पणजी सांगायची. भंडारदऱ्याचं धरण १९२६ साली पुरं झालं आणि प्रवरेच्या पाटांनी या मुलखाचं रूप पालटून टाकलं. बाजरीच्या रानात ऊस उभा राहिला, उसामागून कारखाने आले. हरेगावला बेलापूर कंपनी, टिळकनगरला डहाणूकरांचा कारखाना, आणि तिकडे लोणीला १९५० साली विठ्ठलराव विखे पाटलांनी शेतकऱ्यांना जमवून उभा केलेला सहकारी कारखाना. मोसंबीच्या बागा आल्या, गुळाच्या आडती आल्या, रेल्वे स्टेशनाच्या अंगाला पेठ वसली आणि तिचं श्रीरामपूर झालं. गाव श्रीरामपूर आणि स्टेशनवरची पाटी बेलापूरची, हा घोळ पाहुण्यांना समजावून देण्यात आमच्या दोन पिढ्या गेल्या.

आबांच्या तरुणपणी वेळ सांगणाऱ्या वस्तू दोनच होत्या : कंपनीचा भोंगा आणि मनमाडकडून येणारी गाडी. भोंगा कामगारांचा, गाडी आडत्यांची. शेतकऱ्यासाठी म्हणून वाजणारी पहिली वस्तू चावडीत आली, ती रेडिओ.

तो कसा आला, त्याची कागदोपत्री हकिकत मी पुष्कळ नंतर वाचली. पुण्याचं आकाशवाणी केंद्र १९५३ च्या गांधीजयंतीला सुरू झालं होतं. १९५६ च्या फेब्रुवारीपासून एप्रिलपर्यंत त्या केंद्रानं युनेस्कोच्या मदतीनं एक प्रयोग केला. पुणे, अहमदनगर, नाशिक, उत्तर सातारा आणि कोल्हापूर हे पाच जिल्हे निवडले आणि त्यांतली मिळून दीडशेच्या आसपास गावं. प्रत्येक गावात वीसेक जणांचं मंडळ. रविवारी आणि गुरुवारी संध्याकाळी अर्धा तास कार्यक्रम ऐकायचा, रेडिओ बंद करायचा आणि त्यावर आपसांत बोलायचं. काय बोलणं झालं, काय पटलं, काय नाही पटलं, कोणती शंका राहिली, हे लिहून पुण्याला पाठवायचं. पुण्याहून पुढच्या एखाद्या कार्यक्रमात त्याचं उत्तर यायचं. मूळ कल्पना कॅनडातल्या शेतकऱ्यांची. तिकडे अशी मंडळं १९४१ पासून चालली होती. इकडे पुणे केंद्राच्या ग्रामीण विभागात तेव्हा नुकतेच व्यंकटेश माडगूळकर रुजू झाले होते. म्हणजे खेड्यातला माणूस कसा बोलतो हे ज्याला कळतं, असा माणूस त्या खात्यात होता. सरकारी खात्यात हा योग वारंवार येत नाही.

प्रयोगाची तपासणी मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेनं केली आणि अहवाल लिहिला पॉल न्यूरॅथ या समाजशास्त्रज्ञानं. त्यानं मंडळं असलेली गावं, नुसता रेडिओ असलेली गावं आणि रेडिओच नसलेली गावं शेजारी शेजारी ठेवून पाहिली. मंडळांच्या गावांतल्या लोकांच्या माहितीत जी भर पडली ती डोळ्यांत भरण्यासारखी होती. नुसता रेडिओ असलेल्या गावांत मात्र फारसं काही हललं नव्हतं. ऐकून जे झालं नाही ते बोलून झालं. शाळेच्या रेडिओवर बोलायचं तर हा निष्कर्ष मी आधी पुढे ठेवीन. तो परदेशातून आयात केलेला नाही, आपल्याच जिल्ह्यांतल्या चावड्यांतून निघालेला आहे.

आबांना यातलं युनेस्को ठाऊक नव्हतं. "फुनिस्को का काय ते" इतकीच त्यांची ओळख. त्यांच्या आठवणीत होती ती लाकडी पेटी आणि तिच्याखालची बॅटरी. गावात वीज यायची होती. सेट ड्राय बॅटरीवर चालायचा, आणि ती बॅटरी म्हणजे चांगली विटेएवढी जड. जमिनीची ओल लागू नये म्हणून ती फळीवर ठेवलेली, फळीखाली चार दगड. एरियलची तार चावडीच्या कौलांवर बांबू रोवून ताणलेली; तिच्यावर कावळे बसले की खरखर वाढते, अशी सगळ्यांची खात्री. म्हणून कार्यक्रमाच्या वेळी एका पोराला बाहेर खडे घेऊन उभं करायचे. पुणं सोडून दुसरं काही लावायला मनाई होती. गाणी लागली की बंद करायचं, कारण गाण्यांत बॅटरी उतरते आणि शेतीच्या कार्यक्रमाला उरत नाही. यावरून तरुण पोरांची आणि म्हाताऱ्यांची जुंपायची.

आबांचं भांडण वेगळं होतं. सेट सरकारनं दिला. पण त्याच्या देखभालीसाठी गावानं वर्गणी भरायची होती. बैठकीत कुणी तरी म्हणालं, सरकारनं दिलंय तर चालवील पण सरकारच. आबा उसळून म्हणाले, "बैल दावणीला बांधला सरकारनं, वैरण काय मामलेदार आणून टाकणार हाय का?" वर्गणी जमली. कुणी रोख दिली, कुणी शेर-दोन शेर बाजरी दिली आणि ती विकून पैसे केले. ही बाजरी कुठल्या हेडखाली जमा धरली असेल, असं मामांनी एकदा आबांना विचारलं होतं. आबा म्हणाले, "पोटाच्या."

मंडळाचे चिटणीस होते शाळेचे गुरुजी. दुसरं कोण असणार? पत्र लिहू शकणारा माणूस तोच. रविवारी आणि गुरुवारी दिवेलागणीला ते कंदील घेऊन यायचे. कार्यक्रम संपला की प्रत्येकाला नाव घेऊन विचारायचे, "तुम्हाला काय वाटतं?" आबा सांगायचे, त्याआधी उभ्या जन्मात हा प्रश्न त्यांना कुणी विचारला नव्हता. सावकारानं नाही, पाटबंधाऱ्याच्या साहेबानं नाही, घरात बापानं तर नाहीच. पाटाच्या पाण्यानं रानं चोपण होत होती, खालच्या अंगाला मिठासारखा पांढरा थर येत होता. आबांनी त्याबद्दल विचारलं. गुरुजींनी ते स्वच्छ अक्षरात लिहून घेतलं, वाचून दाखवलं, आबांचा अंगठा घेतला आणि पत्र पोस्टात टाकलं. पुढे केव्हातरी रेडिओतून गावाचं नाव आलं. पुण्याच्या माणसानं ते चुकीचं उच्चारलं. तरी चावडीत अशी शांतता पसरली की खडेवाला पोरगाही आत येऊन उभा राहिला. उत्तर काय होतं? चर खणा, पाणी बेतानं द्या, असंच काहीतरी. ते आबांना नवं नव्हतं. "पर इचारलेलं पोचलं," एवढंच ते म्हणायचे.

पुढची गोष्ट झटकन संपते. प्रयोग संपला, १९५९ पासून तो देशभर नेला. आमच्या गावात मात्र गुरुजींची बदली झाली. नवे गुरुजी चांगले होते, पण त्यांना तालुक्याहून सायकलनं यावं लागायचं आणि अंधार पडायच्या आत परतावं लागायचं. पत्रं बंद झाली. पत्रं नाहीत म्हणून चर्चा नाही. आणि चर्चा नाही तर शेतीच्या कार्यक्रमापेक्षा गाणी काय वाईट! मग बॅटरी लवकर उतरायला लागली, दुरुस्तीवाला यायला उशीर करायला लागला, आणि एका दिवाळीनंतर पेटी चावडीतून कुणाच्या तरी माडीवर गेली.

सेट बिघडला म्हणून काही बंद पडलं नाही, हे आबा मुद्दाम सांगायचे. गुरुजींची संध्याकाळ कुणाच्याच हिशेबात धरलेली नव्हती. सेटचा पैसा होता, तारेचा होता, बॅटरीचा कसाबसा होता. कंदील धरून "तुम्हाला काय वाटतं" विचारणाऱ्या माणसाचा पैसा कुठल्याच रकान्यात नव्हता. तो फुकट मिळत होता, म्हणून तो गेला तेव्हा कुणाला भरून काढता आला नाही.

हे आपल्याकडेच होतं असंही नाही. अमेरिकेत क्लीव्हलंड शहराच्या शाळा मंडळानं १९३८ साली स्वतःचं रेडिओ केंद्र काढलं. शहराच्या शाळांसाठी. चाळीस वर्षं ते चाललं आणि १९७८ साली शाळा मंडळाची तिजोरी आटली तेव्हा बंद झालं. शाळेचा रेडिओ आणि शाळेची तिजोरी एकत्र बांधली की हा धोका राहणारच. पण चाळीस वर्षं म्हणजे शाळेतल्या मुलांच्या तीनचार पिढ्या झाल्या. आमच्या चावडीला चार वर्षंही धड मिळाली नाहीत.

आता थोरल्या आत्याची गोष्ट. तिच्यात पैसा फार थोडा आहे, पण प्रश्न तोच आहे.

साठीच्या दशकाच्या सुरुवातीला आत्या श्रीरामपूरच्या एका शाळेत शिकत होती. पुणे आकाशवाणीवर मुलांच्या कार्यक्रमांची तेव्हा चलती होती. 'आनंद' मासिकाचे गोपीनाथ तळवलकर त्या केंद्रावरून मुलांशी बोलत, आणि त्यांचं बोलणं ऐकून शाळाशाळांतल्या बाईंना वाटे, आपल्याही मुलींनी तिथं जाऊन काही करावं. आत्याच्या बाईंनी पत्रव्यवहार केला. समूहगीत आणि एक छोटा संवाद ठरला. सात मुली निवडल्या, आणि मग कळलं की पुण्याला जायचं म्हणजे गाडीभाडं लागतं.

मुली सकाळच्या पॅसेंजरनं दौंडला गेल्या, तिथं गाडी बदलली आणि पुण्यात बाईंच्या बहिणीकडे एका खोलीत ओळीनं झोपल्या. आत्याला स्टुडिओ अजून पाठ आहे. चपला बाहेर काढायच्या. भिंतींना भोकाभोकांचे पत्रे. पायाखाली सतरंजी एवढी जाड की चालल्याचा आवाज नाही. दारावर तांबडा दिवा. तो लागला की शिंक आली तरी गिळायची. संवादाचे कागद टाचणी काढून सुटे केलेले, आणि एका ताईंनी शिकवलेलं, की वाचून झालेला कागद पालटायचा नाही. दोन बोटांनी उचलून अलगद बाजूला ठेवायचा, कारण कागदाचा आवाज माइकला पावसासारखा लागतो. आत्या अजून लग्नपत्रिका वाचतानाही कागद तसाच धरते.

कार्यक्रम थेट गेला. गल्लीत रेडिओ एकट्या किराणा दुकानदाराकडे, त्याच्या ओट्यावर सगळी गल्ली जमली होती. आजीनं पदर कानामागे घेऊन ऐकलं. आत्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला. आत्यानं स्वतः तो कधीच ऐकला नाही. आम्ही लहानपणी तिला चिडवायचो, की तू गेलीच नसशील. ती शांतपणे म्हणायची, "दुकानदाराला विचारा." दुकानदार तोवर वारला होता.

बाईंनी भाड्याचा खर्च 'सहल' या हेडखाली टाकला. ऑडिटनं हरकत घेतली : सात मुलींची सहल कशी, मंजुरी कुठं आहे, आणि सहलीत प्रेक्षणीय स्थळ कोणतं पाहिलं? बाईंनी पैसे पदरचे भरले. पुन्हा त्या शाळेतून कुणी पुण्याला गेलं नाही. मामा ही गोष्ट ऐकताना दरवेळी मान हलवतात आणि म्हणतात, "सांस्कृतिक कार्यक्रमात टाकायचं होतं, बसलं असतं." त्यांना ती शोकांतिका कारकुनी वाटते. मलाही वाटते, पण निम्म्या शोकांतिका कारकुनीच असतात.

आत्या पुढे गावच्या महिला पतसंस्थेच्या सभांतून माइकवर बोलायची, आणि बाकीच्या बायका दबून असताना हिचं बोलणं सुटसुटीत कसं, असं लोक विचारायचे. ती म्हणते, त्यात धीटपणा काही नाही. समोर दिसणाऱ्या माणसाशी आपण अर्धं बोलतो, अर्धं हातानं दाखवतो. न दिसणाऱ्याला सांगायचं म्हटलं की 'ते तिकडं' म्हणून चालत नाही; तिकडं म्हणजे कुठं, ते म्हणजे काय, हे आधी आपल्याला नीट कळावं लागतं. मुलांना धड वाचता येत नाही आणि बोलायला कशाला शिकवता, असं म्हणणाऱ्या सभासदाला मी आत्याकडे पाठवणार होतो. बोलायचं म्हणून जे मूल दहा ओळी लिहितं, त्या पाच वेळा वाचतं, दोन खोडतं, त्याचं वाचन आपोआप होतं. परिपाठात रोज सुविचार, दिनविशेष, ठळक बातम्या वाचल्या जातातच. पण त्या बातम्या वर्तमानपत्रातून उतरवलेल्या असतात आणि ऐकणारे ओळीत उभे राहून पाय बदलत असतात. आपल्या गावची एक बातमी स्वतः जाऊन आणायची म्हटलं, की तोच परिपाठ जागा होतो.

माझ्या स्वतःच्या शाळेतही रेडिओ होता. मुख्याध्यापकांच्या कपाटावर, क्रोशाच्या रुमालाखाली. आकाशवाणीचे शालेय कार्यक्रम असायचे म्हणे. आमच्या कानी ते पडले नाहीत. कुणी थोर माणूस वारला की तो रेडिओ खाली उतरायचा, आणि शिपाईमामा त्याचे सेल उन्हात तापवून आणायचे, म्हणजे सुट्टी जाहीर होईपर्यंत तरी आवाज टिकेल. खरेदी झाली होती, नोंदवहीत नोंद होती, टिकाऊ साहित्याच्या यादीत क्रमांकही होता. शाळेत रेडिओ असणं आणि शाळेचा रेडिओ असणं यांतलं अंतर तेव्हा रुमालाएवढंच दिसत होतं.

आता कायदा काय म्हणतो तेही पाहू, कारण समितीत एकानं "हे बेकायदेशीर नाही ना?" असंही विचारलं होतं. हवेतल्या लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, हे सर्वोच्च न्यायालयानं १९९५ साली सांगितलं. त्या खंडपीठावर आपले न्यायमूर्ती पी. बी. सावंत होते. त्यानंतर सात वर्षांनी, म्हणजे २००२ साली, शिक्षणसंस्थांना छोटं सामुदायिक रेडिओ केंद्र काढायला सरकारनं परवानगी दिली, आणि २००६ साली ती स्वयंसेवी संस्थांना आणि कृषी विज्ञान केंद्रांना मिळाली. म्हसवडला माणदेशी बायकांनी २००८ साली आपलं केंद्र सुरू केलं. आपल्या जिल्ह्यात नगरला स्नेहालयाचा 'रेडिओ नगर' आहे, इकडे बाभळेश्वरच्या कृषी विज्ञान केंद्राला सामुदायिक रेडिओ मिळालेला आहे, आणि आकाशवाणीचं नगर केंद्र तर आहेच. करोनात शाळा बंद होत्या, तेव्हा नागपूर आकाशवाणीवरून 'शाळेबाहेरची शाळा' मुलांच्या घरांत गेली. ती २०२० सालची गोष्ट. म्हणजे रेडिओ मेला असं जे म्हणतात, त्यांना गरज पडली तेव्हा तोच सापडला.

तेव्हा प्राथमिक शाळेनं मनोरा उभारायच्या फंदात पडू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. परवाना, दिल्लीचा पत्रव्यवहार, शंभर वॅटचं यंत्र, ते सांभाळणारा माणूस हे शाळेचं काम नाही. मनोरे आहेत, त्यांच्याकडे मुलांचा आवाज नाही. शाळेनं कार्यक्रम करावा, शाळेच्या स्पीकरवर आणि गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर लावावा, आणि बरा झाला तर जवळच्या केंद्राकडे पाठवावा. आणि यासाठी सार्वजनिक पैसा खर्चावा का? खर्चावा. पण वस्तूवर कमी आणि वापरावर जास्त.

हिशेब असा आहे. समग्र शिक्षा अभियानातून पटाच्या प्रमाणात संयुक्त शाळा अनुदान येतं. ३१ ते १०० पटाच्या शाळेला वर्षाला २५,००० रुपये, १०१ ते २५० च्या शाळेला ५०,०००. त्यातून खडू, झाडू, वीजबिल, नळाची तोटी, फुटलेली फरशी, स्वच्छता. गळणारा वर्ग या पैशात दुरुस्त होत नाही, त्याला वेगळा निधी लागतो. म्हणून छताचा आणि रेडिओचा सामना लावणाऱ्या सभासदाचं म्हणणं ऐकायला जोरकस आहे, पण दोन्ही पैसे एका खिशातले नाहीत. वीजबिलाची अडचण मात्र खरी आहे. बिल थकून मीटर काढून नेलेल्या शाळा आपण पाहिलेल्या आहेत, आणि तिथं माइक घेऊन द्या म्हणणं हा आगाऊपणा होईल. त्या शाळेनं आधी दिवा लावावा.

बाकीच्या शाळांत रेकॉर्डर हा किरकोळ भाग आहे. तो नसला तरी मॅडमचा फोन आहे. जपायचं आहे ते गुरुजींच्या संध्याकाळीसारखं. आठवड्यात एक तासिका वेळापत्रकावर छापलेली हवी, म्हणजे मॅडमची बदली झाली तरी तासिका जाणार नाही. ती शाळाबाह्य कामात, कसल्या तरी ऑनलाइन माहितीत, सर्वेक्षणात खाल्ली जाणार नाही याची हमी केंद्रप्रमुखांनी द्यावी. मुलांना हरेगावला, टिळकनगरला, लोणीला न्यायला एस.टी.चं भाडं. मेमरी कार्ड. इतकंच. मामांनी हे सगळं कागदावर उतरवून पाहिलं आणि म्हणाले, यात टिकाऊ साहित्य काहीच नाही, सगळं उडून जाणारं आहे. मी म्हटलं, आवाजही तसाच असतो. त्यांना ते आवडलं नाही. त्यांना काव्य हेडखाली टाकता येत नाही.

आणि मुलांनी बोलायचं कशावर, असं म्हणाल तर श्रीरामपूर तालुक्यात विषयांची टंचाई नाही. खंडकऱ्यांचंच घ्या. शंभर वर्षांपूर्वी साखर कंपन्यांनी इथल्या शेतकऱ्यांच्या जमिनी खंडानं घेतल्या. १९६१ चा कमाल जमीन धारणेचा कायदा आला आणि त्या जमिनी कंपन्यांकडून शेती महामंडळाकडे गेल्या. मूळ मालक सातबाऱ्याच्या बाहेर राहून मोर्चे काढत राहिले, आणि २०१२ च्या सुमाराला कुठं जमिनी परत मिळायला लागल्या. बापानं सही केली, मुलानं खेटे घातले, नातवाला ताबा मिळाला. ज्यांना हे तोंडानं सांगता येतं ती माणसं आता पंच्याऐंशीच्या पुढं आहेत. हरेगावला १९३९ च्या डिसेंबरात डॉ. बाबासाहेब आंबेडकर महार वतनदारांच्या परिषदेला आले होते. घरातल्या थोरामोठ्यांकडून ती हकिकत ऐकलेले म्हातारे भेटतात. तिथलीच मतमाउलीची यात्रा, कंपनीच्या चाळी, बंद पडलेला भोंगा. पुस्तकात यातलं थोडं सापडेल, पण ते दुसऱ्या कुणाच्या भाषेत. हे मुलांनी आपल्या पणजोबांना विचारून घ्यायचं काम आहे.

मॅडमनी ठरावाची वाट पाहिली नाही. फोनवरच सुरुवात केली. पहिला कार्यक्रम वाईट होता. सगळ्या मुलांनी वक्तृत्व स्पर्धेसारखा गळा काढला, 'अध्यक्ष महाशय' एवढंच म्हणायचं बाकी ठेवलं. दुसऱ्यात एका मुलीनं आपल्या पणजीला विचारलं, तुमची जमीन गेली तेव्हा तुम्ही काय करत होता? पणजी म्हणाली, "भाकरी." मग बराच वेळ काही नाही, फक्त कोंबड्यांचा आवाज. मॅडमना तो भाग कापायचा होता, मुलीनं कापू दिला नाही. ग्रुपवर तो सगळ्या गावानं ऐकला आणि पणजीकडे दोन दिवस माणसं येत राहिली, आपापल्या कागदाच्या पिशव्या घेऊन.

तिसऱ्या कार्यक्रमापासून मुलांनी पाण्याची बातमी द्यायला सुरुवात केली. पाटाचं आवर्तन कधी सुटणार, आपल्या चारीला पाळी केव्हा येणार, पाणीमागणीचा सात नंबरचा अर्ज भरायची शेवटची तारीख कोणती. सामुदायिक केंद्रांना स्वतःच्या बातम्या लावायला परवानगी नसते, सरकारनं तेवढं कुंपण अजून ठेवलेलं आहे. पण शाळेच्या स्पीकरला प्रसारणाचा परवाना लागत नाही. एकदा पाटकऱ्यानं पोरांना उडवून लावायला सांगितलेली तारीख मुलांनी जशीच्या तशी लावली. त्या दिवशी चाळीसेक शेतकरी चारीवर जाऊन उभे राहिले आणि पाणी आलं नाही. पाटकऱ्याला जे ऐकून घ्यावं लागलं ते इथं लिहिण्यासारखं नाही. तो तणतणत शाळेत आला. मॅडमनी त्याला खुर्ची दिली, चहा दिला, आणि सातवीच्या दोन मुली वही उघडून त्याच्यासमोर बसल्या : खरी तारीख कोणती, ती कोण ठरवतं, आणि पुढे गेली तर आम्हाला कोण कळवणार?

आता शनिवारी सकाळच्या शाळेच्या वेळी तो फाटकाशी मोटरसायकल थांबवतो आणि पाळीची तारीख सांगून जातो. एखाद्या शनिवारी आला नाही, तर सोमवारी मुलं कार्यक्रमात तेही सांगतात.